उतरणीचं जेट

पिंपरी,
जानेवारी १९८०

प्रिय ज्योतीराम,

तुझं पत्र शालनबाईंनी आणून दिलं. पोस्टानं पाठवलं असतंस तरी पोचलं असतं, माझा पत्ता काही बदललेला नाही. पण तू ते आपल्या बहिणीच्या हाती पाठवलंस, म्हणजे मी ते तिच्यासमोर उघडावं, वाचावं आणि डोळ्यांत पाणी आणून हो म्हणावं, अशी काहीतरी व्यवस्था असावी. बाई थेरगावहून बस बदलून आल्या, आमच्या आईच्या हातचा चहा प्यायल्या, आणि मी पाकीट न उघडताच पिशवीत टाकलं तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं. उघडलं मी दुसऱ्या दिवशी, कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. तुझं अक्षर सहा वर्षांत जरासुद्धा सुधारलेलं नाही. बघून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तू जे विचारलं आहेस त्याचं उत्तर या पत्राच्या शेवटी आहे. कुठलीही गोष्ट शेवटापासून वाचायची तुझी सवय मला माहीत आहे, पण या वेळी पान उलटू नकोस. घाई तू एकदा केलीस, ती आपल्या दोघांना पुरून उरली आहे.

आधी बातम्या देते. यशवंतरावांचा कारखाना चिंचवड स्टेशनच्या मागून आता चिखलीला गेला. कारखाना म्हणायचं आपलं. तेव्हाही पत्र्याची शेड होती, आताही पत्र्याचीच आहे, फक्त मोठी आहे म्हणून जास्त ठिकाणी गळते. माल तोच, स्कूटरच्या कार्बुरेटरमध्ये बसणारी पितळी जेट, हरभऱ्याएवढी, पोटात सुई जेमतेम जाईल एवढं भोक. त्या भोकातून किती पेट्रोल जातं ते काचेच्या नळीवर मोजायचं आणि जेटवर नंबर ठोकायचा, हे माझं काम तू असताना होतं तेच आजही आहे. आता माझ्या हाताखाली काही मुली आहेत. त्या मला ताई म्हणतात आणि पाठीमागे हिटलर म्हणतात, ते मला ठाऊक आहे आणि आवडतंही. यशवंतराव मालक असले तरी अजून मातीतलेच आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय पण कबूल करत नाहीत. जेट उजेडाकडे धरतात, काही दिसत नाही, आणि बेस झालंय म्हणून माझ्याकडे परत देतात.

मी कामावर परत आले तो दिवस तुला माहीत असायचं कारण नाही. तू तोवर उदगीरला जाऊन शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं दुरुस्त करायला लागला होतास. माझा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. अजूनही वाकत नाही, वाकणारही नाही. नळीच्या टेबलाशी उभं राहून काम करावं लागतं, म्हणून यशवंतरावांनी चांगल्या मनानं दाराजवळ माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती, पुढ्यात खोकी आणि डिंकाची बाटली. बस पोरी, पॅकिंग कर, पायाला तरास न्हाई, म्हणाले. मी ती खुर्ची उचलली, नळीच्या टेबलापाशी नेली, तिच्यावर माझा जेवणाचा डबा ठेवला आणि उभी राहिले. सगळी शेड बघत होती. संध्याकाळी पाय सुजून खांब झाला होता आणि घरी आई मीठपाण्यानं शेकत मला शिव्या घालत होती. दुसऱ्या दिवशी खुर्ची तिथे नव्हती, कुणीतरी उचलून ऑफिसात नेली होती.

आपलं सगळं सुरू झालं ते पाचगणीच्या एका गॅरेजवाल्याच्या तक्रारीवरून, आठवतं का? पुण्यात नीट पळणाऱ्या स्कूटरी वर आल्या की गुदमरतात, काळा धूर ओकतात, प्लग काजळून बंद पडतात, असं त्याचं म्हणणं. यशवंतराव म्हणत होते, त्याला प्लग साफ करता येत नाही. तू म्हणालास, गाडी वर नेऊन बघू. आणि मी म्हणाले, भाजी कमी घेतली आणि मीठ तेवढंच टाकलं तर खारट होणारच. तुला ते इतकं आवडलं की महिनाभर तू ते वाक्य तुझं म्हणून सांगत फिरलास. गोष्ट तेवढीच होती. डोंगरावर हवा विरळ, पेट्रोल मात्र त्याच भोकातून तेवढंच येणार, म्हणून वर जाताना लहान भोकाचं जेट लावायचं. खाली हवा पुन्हा दाट, म्हणून उतरायच्या आधी मोठं जेट परत लावायचं. नाहीतर भाजी आळणी. आणि टू-स्ट्रोक इंजिनाला तेल मिळतं ते पेट्रोलमध्ये कालवलेलंच, पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी. आळणी भाजी माणूस निमूट गिळतो, इंजिन गिळत नाही. हे मी तुला शिकवलेलं नाही, ज्योतीराम, तू मला शिकवलंस. म्हणून तर इतकं लागतं.

मग आपले ते रविवार. यशवंतरावांची राखाडी स्कूटर, आणि लहानमोठी जेट माझ्या काजळाच्या डबीत. जेट बदललं की थोडं अंतर पळवायचं, थांबायचं, प्लग काढून रंग बघायचा. काळा आला तर पेट्रोल जास्त, पांढरा आला तर कमी, बदामी आला तर बरोबर. तुला सगळेच रंग बदामी दिसायचे, म्हणून रंग बघायला मी यायचं असं ठरलं. निदान यशवंतरावांना तरी आपण तसंच सांगितलं होतं. कारखान्यात मी तुला ज्योतीरामभाऊ म्हणायचे. दापोडीच्या पुलापर्यंत बसनं यायचे, पूल ओलांडून चालत पुढे आले की तू उभा असायचास, आणि तुझ्या मागे बसले की त्यातला भाऊ मागेच पुलावर राहायचा.

सगळं माहीत होतं आपल्याला. माझे वडील वस्तीतल्या विहारात रविवारच्या वंदनेला सगळ्यांच्या आधी हजर. तुझी आई शालनबाईंकडे राहायला आली तेव्हा तू मला थेरगावला नेलंस. माझं आडनाव विचारून तिनं जे ओळखायचं ते ओळखलं, आणि मी भरून दिलेला पाण्याचा तांब्या तिनं हातही न लावता तसाच ठेवला. तू उठलास, तांब्या उचललास आणि उभ्या उभ्या सगळं पाणी पिऊन टाकलंस. खाली ठेवताना तो तू जरा जोरातच ठेवलास. मला वाटलं, मिळाला आपल्याला माणूस. त्या दिवशी थेरगावहून घरापर्यंत मी चालत आले, बसमध्ये बसवेना इतकं बरं वाटत होतं.

आता तो दिवस. तू तो विसरला असशील असं मी मानत नाही, पण तुझ्या पत्रात तो कुठेच नाही, म्हणून मलाच लिहायला हवा. डिसेंबरची थंडी होती. तुझ्या गळ्यात लाल मफलर, त्याची दोन्ही टोकं वाऱ्यावर सोडलेली, सारखी माझ्या तोंडावर येत होती. माझा पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि वर खांद्यावर पिन. ही काही घाटासाठी केलेली तयारी नव्हती. फिरत्या लेथच्या शेजारून दिवसभर ये-जा करणाऱ्या बाईला पदर मोकळा सोडायची चैन करता येत नाही, आमच्या शेडमधली प्रत्येक बाई पदर खोचूनच दारातून आत यायची आणि अजून येते. पसरणीच्या घाटाच्या पायथ्याशी गाडी भकभकायला लागली. तू लहान जेट लावलंस. पाचगणीला पठारावर पोचलो, प्लग काढला, आणि आपल्या दोघांनाही तो एकाच वेळी बदामी दिसला. असं त्याआधी कधी झालं नव्हतं. स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेताना तू एकदम म्हणालास, आज आईला सांगतो. ती संध्याकाळच्या एसटीनं उदगीरला निघणार आहे, ती जायच्या आत पोचू आणि सांगून टाकू, लग्न करायचं तर हिच्याशीच.

मी इतकी खूश झाले की चहा सांडला. तरीसुद्धा डबीतून मोठं जेट काढून मी तुझ्यापुढे धरलं. तू म्हणालास, राहू दे गं, उतारावर इंजिनाला काम काय असतं, कार्बुरेटर खोलत बसलो तर एसटी निघून जाईल, वाईत बदलू. मी म्हणाले, एसटी गेली तर पुढच्या महिन्यात सांग, पण हे लाव. तू हसलास आणि किक मारलीस. ते जेट मी डबीत परत टाकलं आणि मागे बसले. माझ्यासाठीच चाललेली घाई होती ती, अडवू तरी किती.

घाटात काही झालं नाही. वाई आली, तू थांबला नाहीस. वाईच्या पुढे सरळ रस्ता लागला आणि तू मूठ पूर्ण पिळलीस. काय पळाली गाडी त्या दिवशी. का पळाली ते तुला ठाऊक आहे. पेट्रोलला मोताद झालेलं इंजिन धरायच्या, म्हणजे जाम व्हायच्या आधी फार गोड पळतं. मान मागे वळवून तू ओरडलास, बघ कस्तुरा, कधी पळाली होती का अशी. मग तो किंचाळल्यासारखा आवाज. पिस्टन सिलिंडरला धरला आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. अशा वेळी क्लच दाबला तर चाक सुटतं, पण तुझी बोटं क्लचवर नव्हती. ओढ्यावरच्या एका मोरीजवळ गाडी डाव्या अंगावर पडली आणि माझा पाय तिच्याखाली गेला. तू उजवीकडे फेकला गेलास, तुझं कोपर खरचटलं.

शेतातली माणसं धावत आली. त्यांतला कुणीतरी म्हणाला, बाईचा पदर चाकात गेला असंल. ज्योतीराम, मी शुद्धीवर होते. हे तुला कुणी सांगितलं नसेल. मी रस्त्यावर आडवी होते, पदर कमरेला खोचलेला होता, खांद्यावरची पिन जागेवर होती, आणि मी ते ऐकलं. तू काय म्हणतोस याची मी वाट बघत होते. पायाचं दुखणं त्या वेळी मला कळतसुद्धा नव्हतं, मी फक्त वाट बघत होते. तू काहीच म्हणाला नाहीस.

त्यानंतर ते सगळ्यांचंच झालं. दवाखान्यात जो आला तो पदराबद्दल विचारून गेला. वस्तीत तेच, थेरगावात तेच, कारखान्यात तेच, आणि बाई माणसानं गाडीवर बसून ट्रायलला जायचं नाही असा यशवंतरावांनी हुकूम काढला. तुझी आई वॉर्डाच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. माझ्या लेकराचं नशीब थोर म्हणून वाचलं, म्हणाली, असलीला मागं बसवल्यावर दुसरं काय व्हायचं. तू तिच्या मागे उभा होतास, गळ्यात तोच मफलर. मी तुझ्याकडे बघितलं, तू खाली बघितलंस. मग तू तिला पोचवायला म्हणून उदगीरला गेलास आणि तिकडचाच झालास. मला तो तांब्या आठवला. एका तांब्यापुरतंच होतं तर ते.

स्कूटर शेडच्या मागे ताडपत्रीखाली पडून होती. अपशकुनी म्हणून तिला कुणी हात लावत नव्हतं. मी कामावर आल्यावर एका सुट्टीच्या दिवशी पाना घेऊन तिच्यापाशी बसले, ताठ पाय लांब पसरून, आणि इंजिन उघडलं. प्लग पांढराफटक होता. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे, जागोजागी धातू वितळून सिलिंडरला चिकटलेला. कार्बुरेटरमध्ये लहान जेट तसंच होतं. मी पिस्टन नेऊन यशवंतरावांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलला, ओरखड्यांवरून बोट फिरवलं, बराच वेळ फिरवत राहिले. ह्यो काय पदर न्हाई पोरी, म्हणाले, ह्यो तर कोरडा पडून धरलाय. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या शेडला गोळा करून तेच सांगितलं, आणि हुकूम मागे घेतला. बाहेरच्या जगाला सांगत फिरणं त्यांचं काम नव्हतं. माझंही नव्हतं, मी सांगितलं असतं तर बाई स्वतःवरचं झटकते म्हणाले असते. ते तुझं काम होतं. तो पिस्टन मी घरी आणला. उलटा ठेवला की पेनं ठेवायला छान होतो. हे पत्र लिहायला घेतलेलं पेन त्यातूनच काढलं आहे.

सिलिंडर घासून घेतला, नवा पिस्टन बसवला, आणि यशवंतरावांना म्हटलं, ट्रायल मी घेणार. ते नाही म्हणणार होते, पण माझ्या तोंडाकडे बघून पान खायला उठून गेले. चालवण्यापेक्षा किक मारणं अवघड निघालं. उजव्या पायानं किक मारायची तर क्षणभर सगळा भार डाव्यावर येतो, आणि माझा डावा म्हणजे नुसती काठी. कितीदा आपटले ते सांगत नाही. आमची आई, सोजराबाई, तुला ठाऊकच आहे. पडलीस तर मी न्हाई उचलायची, म्हणाली, जलमभर लोकांनी उचलायचं का तुला? असं म्हणून देहूरोडच्या बाजूच्या माळावर रोज संध्याकाळी माझ्याबरोबर यायची आणि स्कूटरच्या मागच्या सीटला धरून लुगड्याचा काष्टा सावरत पळायची. एकदा मी बरीच लांब गेले आणि वळून बघितलं तर ती मागेच एका दगडावर बसून हसत होती. सीट तिनं केव्हाच सोडली होती.

वस्तीतल्या बायकांनी नावं ठेवली, पुरुषांनी जास्त ठेवली. सिग्नलला थांबले की रिक्षावाले विचारतात, बाई, नवरा कुठाय. मी सांगते, कारखान्यात नंबर ठोकायला टाकलाय. आता डावा पाय पायरीवर सरळ पुढे काढून बसते आणि डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर असतात. झोपेतसुद्धा असतात, असं आई म्हणते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी पाचगणीला जाऊन आले. एकटी गेले. घाटाच्या पायथ्याशी लहान जेट लावलं, वर त्याच टपरीवर चहा प्यायले, आणि निघायच्या आधी रस्त्याच्या कडेला कार्बुरेटर खोलून मोठं जेट लावलं. येणारे जाणारे थांबून बघत होते, बघू दिलं. सहा वर्षं डबीत राहिलेलं तेच जेट होतं ते. वाईच्या पुढे त्या मोरीपाशी मी थांबले. खरं सांगते, गाडीवरून उतरून मी रडले, चांगली मोकळी रडले, कठड्याला टेकून. शेजारच्या उसातून एक म्हातारा बाहेर आला. त्याला वाटलं गाडी बिघडली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, बाई, पदराला जपा बरं का, मागं हितं एका बाईचा पदर चाकात गेला, बाई जाग्यावर गेली. मी डोळे पुसले आणि म्हणाले, बाबा, ती बाई मीच, आणि मेलेली नाही. तो हसला. त्याला चेष्टाच वाटली. मी किक मारली आणि निघाले, पण चिंचवड येईपर्यंत डोक्यात तेच. माझ्या खोट्या मरणाची गोष्ट त्या रस्त्यावर राहतेय, आणि ती खोडून काढू शकेल असा एकच माणूस उदगीरला सायकलवर फिरतोय. हो, तू त्यानंतर गाडीला हात लावला नाहीस, ते शालनबाईंनी सांगितलं. त्यात मोठेपणा आहे असं त्यांना वाटतं. मला वाटलं, एवढी चांगली हाताची कला, नुसत्या ऑइल इंजिनांवर घालवली.

आणि आता तुझं पत्र. आई गेल्याचं लिहिलंस, वाईट वाटलं, माझ्याशी कशीही वागली तरी तुझी आई होती. पुढे लिहितोस की आता आड येणारं कुणी नाही, माझं आयुष्य तुझ्यामुळे वाया गेलं, तेव्हा माझ्याशी लग्न करून, मला आधार देऊन तुला प्रायश्चित्त घ्यायचं आहे. शालनबाई तर निघताना उंबऱ्यात म्हणाल्या, झालं ते झालं माय, तुझा पदर अडकला त्याला कोण काय करणार, आता त्योच हात पुढं करायलाय तर तू मागं सरू नको. चार पानं लिहिलीस तू. त्यात दुर्दैवी प्रसंग आहे, नशीब आहे, प्रायश्चित्त दोनदा आहे. जेट एकदाही नाही. वाया काय गेलं माझं? मी उभी राहून काम करते, माझ्या पायावर किक मारते, घाट चढते आणि उतरते. आधार द्यायला तुला कुणी पांगळं माणूस हवं असेल तर दुसरीकडे बघ. आणि तरीही, तुझं पत्र मी चुलीत घातलं नाही. तू मला आवडायचास, अजून आवडतोस, रागही तेवढाच आहे, आणि दोन्ही मी लपवणार नाही. म्हणून हे माझं उत्तर. महाशिवरात्रीनंतरच्या रविवारी एसटीनं पाचगणीला ये. स्टँडसमोरच्या टपरीवर मी असेन, स्कूटर घेऊन. मोठं जेट तू लावायचंस, माझ्यासमोर, अजिबात घाई न करता. मग हँडल मी धरणार आणि तू मागे बसणार. मोरीपाशी आपण थांबू, आणि तो म्हातारा असेल तर त्याला, नसेल तर शेतात जो कुणी असेल त्याला, तू तुझ्या तोंडानं सांगशील की त्या दिवशी काय अडकलं होतं. तिथून थेरगावला, शालनबाईंना सांगायला. तुझ्या आईला सांगायचं राहिलं ते राहिलंच. त्यानंतर, हवं तर माझ्या घरी येऊन, पाणी पिऊन, लग्नाचं विचार. येणार नसशील तर तसं कळवू नकोस, मी चहा पिऊन एकटी उतरेन, रस्ता माझ्या सवयीचा आहे. येणार असलास तर मफलर आण, वर अजून थंडी असेल. फक्त मागे बसताना त्याची दोन्ही टोकं नीट आत खोचून घे. पिन मी आणते.

'तुझीच' लिहायचं की नाही ते घाट उतरल्यावर ठरवीन. तोवर नुसतीच,

कस्तुरा